नळ किती पावलांवर आहे?

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या दोन प्रश्नांची उत्तरे दिली आहेत.)

पुढच्या दोन रांगांमध्ये नर्सिंगच्या विद्यार्थिनी बसल्या आहेत, मागे त्यांच्या शिक्षिका आहेत आणि उरलेले आपण सगळे, म्हणजे कधी ना कधी रुग्ण होणारी माणसं. त्यामुळे आजचा विषय सगळ्यांचाच आहे. विषय आहे रुग्णालयातले हात. सिस्टरांचे हात, डॉक्टरांचे हात, आणि ते धुण्याचा किंवा न धुण्याचा इतिहास.

सुरुवात एका साध्या प्रसंगाने करते. काही वर्षांपूर्वी आई रुग्णालयात होती आणि मी तिच्या उशाशी बसून असायची. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण ते कुठलंही असू शकतं. रात्रपाळीला एक सिस्टर होती आणि वॉर्ड भरलेला. ती एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जायची. सलाईन बदल, ताप बघ, ड्रेसिंग सुटलंय ते बघ. मधे हात धुताना ती क्वचित दिसायची. मला राग आला. शिकलेली मुलगी, हिला एवढं कळत नाही? मग हात धुवायला मी स्वतः उठले. बेसिन वॉर्डाच्या पार टोकाला, दाराबाहेर. मी पावलं मोजली. आईच्या खाटेपासून बेसिनपर्यंत एकेचाळीस. साबणाची वडी संपलेली. परत येताना पुन्हा एकेचाळीस. तेव्हा माझा राग थोडा निवळला आणि त्या जागी एक प्रश्न आला. तिला कळत नव्हतं, की तिला जमत नव्हतं?

आज मला एवढंच सांगायचं आहे, की हात धुण्याच्या इतिहासात हे दोन प्रश्न वारंवार एकमेकांत मिसळले गेले. ‘कळत नाही’ म्हणून माणसांना दोष दिला गेला आणि ‘जमत का नाही’ हे फार उशिरा विचारलं गेलं.

चला, आधी व्हिएन्नाला जाऊ. ही गोष्ट तुमच्यापैकी अनेकींनी पाठ्यपुस्तकात वाचली असेल, पण जरा वेगळ्या बाजूने बघू.

व्हिएन्नाच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात १८४० च्या दशकात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात वैद्यकीचे विद्यार्थी शिकायचे. दुसऱ्यात सुईणकाम शिकणाऱ्या मुली. गरीब, बऱ्याचदा अविवाहित बायका तिथे यायच्या. कोणत्या विभागात जायचं हे त्यांच्या हातात नसे, ते वारावर ठरायचं. आज पहिल्याचा दिवस, उद्या दुसऱ्याचा. आणि शहरभर एक गोष्ट माहीत होती, की पहिल्या विभागात बाळंतीण मरते. बायका हातापाया पडून ‘दुसऱ्यात घ्या’ म्हणायच्या. काही जणी तर वाटेतच, रस्त्यावर बाळंत झालेल्या बऱ्या असं म्हणत. आणि खरोखरच, रस्त्यात बाळंत होऊन मग दाखल झालेल्या बायकांमध्ये हा बाळंतरोग कमी दिसायचा!

आकडे बघा. १८४६ साली पहिल्या विभागात ११.४ टक्के बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्या विभागात २.८ टक्के. एकच इमारत, एकच हवा, एकच शहर.

इग्नाझ सेमेलवाइस हा बुडाचा तरुण डॉक्टर १८४६ मध्ये पहिल्या विभागात साहाय्यक म्हणून लागला. त्याने एकेक कारण घेतलं आणि खोडलं. गर्दी? गर्दी तर दुसऱ्या विभागात जास्त, कारण सगळ्यांना तिथेच जायचं असायचं. बाळंतपणाच्या वेळी झोपण्याची पद्धत? ती बदलून पाहिली, फरक नाही. मरणाऱ्या बाईसाठी पाद्री घंटा वाजवत वॉर्डातून जायचा, त्या धास्तीने बायका आजारी पडतात असंही काही लोक म्हणत. सेमेलवाइसने पाद्र्याला विनंती केली, घंटा न वाजवता दुसऱ्या वाटेने जा. तरीही फरक नाही.

मग मार्च १८४७ मध्ये त्याचा मित्र, न्यायवैद्यकाचा प्राध्यापक याकोब कोलेच्का वारला. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याच्या सुरीने त्याच्या बोटाला जखम झाली होती. त्याच्या शवविच्छेदनाचा अहवाल सेमेलवाइसने वाचला आणि हादरला. बाळंतिणींच्या शरीरात जे दिसायचं, तेच इथे. मग कोडं सुटलं. विद्यार्थी आणि डॉक्टर सकाळी शवागारात काम करत आणि तेच हात घेऊन प्रसूतीच्या खोलीत येत. सुईणकाम शिकणाऱ्या मुली शवविच्छेदन करत नसत.

इथे थांबा जरा. आपण नेहमी म्हणतो, की दुसऱ्या विभागातल्या बायका वाचल्या कारण तिथे स्वच्छता होती. तसं नव्हतं. त्या सुईणींना जंतूंबद्दल डॉक्टरांपेक्षा काही जास्त ठाऊक नव्हतं. कोणालाच ठाऊक नव्हतं, जंतुसिद्धान्त अजून यायचा होता. फरक ज्ञानाचा नव्हता, कामाच्या रचनेचा होता. एका विभागाची वाट शवागारातून जात होती, दुसऱ्याची जात नव्हती. एवढंच.

मे १८४७ च्या मध्यापासून सेमेलवाइसने नियम केला. आत येण्यापूर्वी क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायचे. आधी क्लोरीनचं द्रावण होतं, मग स्वस्त पडावं म्हणून क्लोरीनयुक्त चुना, म्हणजे आपल्याकडे ब्लीचिंग पावडर म्हणतात तसली. एप्रिलमध्ये पहिल्या विभागातलं मृत्यूचं प्रमाण १८.३ टक्के होतं. जूनमध्ये २.२. जुलैत १.२. १८४८ या पूर्ण वर्षात १.२७ टक्के, म्हणजे दुसऱ्या विभागाच्या १.३३ पेक्षाही किंचित कमी. त्या वर्षी दोन महिने असे गेले, की एकही बाळंतीण गेली नाही.

आता एक प्रसंग, जो सहसा सांगितला जात नाही. ऑक्टोबर १८४७. नियम चालू आहे, सगळे जण आत येताना हात धुताहेत. पहिल्या खाटेवर गर्भाशयाचा कर्करोग झालेली एक बाई दाखल होती, तिच्या जखमेतून स्राव होत होता. फेरी तिच्यापासून सुरू व्हायची. तिला तपासून झालं, की साबणाने हात धुवून पुढची बाई. त्या दिवसांत तिच्याबरोबर बाळंत झालेल्या बारा जणींपैकी अकरा दगावल्या. सेमेलवाइसला कळलं, की विष फक्त मृतदेहातून येत नाही, जिवंत माणसाकडूनही येतं. म्हणून दाराशी एकदा हात धुणं पुरेसं नाही. प्रत्येक रुग्णानंतर क्लोरीनने धुवायला हवेत.

आजच्या नर्सिंगची खरी अडचण इथे जन्मली. दिवसातून एकदा करायची गोष्ट शिस्तीने जमते. पण तीच गोष्ट प्रत्येक खाटेपाशी करायची म्हटली, की तिला वेळ लागतो, पाणी लागतं, जागा लागते.

सेमेलवाइसचं पुढे काय झालं ते माहीत आहे. १८४९ मध्ये त्याची नेमणूक वाढवली गेली नाही. १८५० मध्ये तो पेस्टला परतला. पुस्तक लिहिलं ते थेट १८६१ मध्ये, आणि मग विरोधकांना जाहीर पत्रं लिहून खुनी म्हणू लागला. १८६५ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, व्हिएन्नाजवळच्या मनोरुग्णालयात तो गेला, जखमेतून पसरलेल्या संसर्गाने. आपण म्हणतो, जगाने त्याचं ऐकलं नाही. खरं आहे. पण त्याची पद्धतही पाहा. सगळी व्यवस्था एका माणसाच्या पहाऱ्यावर उभी होती. हातांची कातडी जाळणारं, उग्र वासाचं पाणी, आणि ‘धुवा, नाहीतर तुम्ही खुनी’ हा धाक. धाकाने काही महिने काम होतं. पुढची दीडशे वर्षं होत नाही.

दोष देण्याची ही रीत त्याच्याही आधीची आहे. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन शहरात अलेक्झांडर गॉर्डन या डॉक्टरने १७९५ मध्ये बाळंतरोगावर पुस्तक छापलं. कोणत्या बाईला कोणत्या सुईणीने हात लावला, मग रोग कसा पसरला, याचा तक्ता दिला. सुईणींची नावं छापली. त्याचा प्रामाणिकपणा असा, की आपण स्वतःही अनेक बायकांपर्यंत हा रोग नेला, हे त्याने कबूल केलं. पण गावात त्याला राहणं अवघड झालं. तुमच्या हातून माणूस मेला, हे ऐकून घेणं कोणालाच सोपं नसतं. आजही नाही.

आता नर्सिंगकडे येऊ. फ्लॉरेन्स नाइटिंगेल नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ स्त्रियांना घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचली. कंदील घेऊन फिरणारी ती मूर्ती आपल्या मनात आहे. पण कटू गोष्ट अशी, की ती पोहोचल्यानंतरच्या हिवाळ्यात मृत्यू वाढत गेले आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये कळसाला पोहोचले. सेवा होती, जेवण सुधारलं होतं, कपडे धुतले जात होते. पण इमारतीखाली तुंबलेली गटारं होती. मार्चमध्ये ब्रिटनहून स्वच्छता आयोग आला, गटारं उपसली, खिडक्या उघडल्या, पाण्याची सोय सुधारली. मृत्यू झपाट्याने उतरले. मायदेशी परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर आकडे मांडताना नाइटिंगेलला हे लख्ख दिसलं. त्यानंतर तिने आयुष्यभर रुग्णालयाच्या इमारती, खिडक्या, पाणी, खाटांमधलं अंतर यांवर लिहिलं. १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ मध्ये परिचारिकेने दिवसातून वारंवार हात धुवावेत असं ती सांगतेच. पण तिचं बाकीचं लिखाण वाचलं तर कळतं, की हा उपदेश एकटा नाही. त्याच्यामागे नळ, गटार आणि नकाशा आहे. आपण उपदेश तेवढा उचलला आणि नकाशा विसरलो.

एक छोटी गोष्ट हातांच्या कातडीची. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९ च्या सुमारास कॅरोलाइन हॅम्प्टन नावाची शस्त्रक्रियागृहातली परिचारिका होती. तेव्हा हात पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावे लागत. तिच्या हातांना इतका त्रास झाला, की काम सोडायची वेळ आली. सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ हातमोजे करवून घेतले. पुढे दोघांनी लग्न केलं, ती गोष्ट निराळी! सांगायचा मुद्दा असा, की शस्त्रक्रियेतले रबरी हातमोजे रुजले त्याची सुरुवात रुग्णाला जपण्यासाठी नव्हे, तर एका परिचारिकेची कातडी वाचवण्यासाठी झाली. आणि दिवसभर साबणाने धुवून हात फुटलेल्या सिस्टरला ‘आणखी धुवा’ एवढंच सांगून भागत नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

आता एकदम शंभर वर्षं पुढे, स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात. एव्हाना जंतू माहीत, प्रतिजैविकं माहीत, हात धुवावेत हे शाळकरी पोरालाही माहीत. दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये शांतपणे बसून मोजलं. हात धुवायला हवेत असे २,८३४ प्रसंग. त्यातल्या किती वेळा धुतले? ४८ टक्के. परिचारिकांनी ५२ टक्के, डॉक्टरांनी ३० टक्के. आणि सगळ्यात महत्त्वाचं काय सापडलं? जिथे काम जास्त, तासाला हात धुण्याचे प्रसंग जास्त, तिथे प्रमाण कमी. म्हणजे अतिदक्षता विभागात, जिथे सगळ्यात कसलेल्या सिस्टर असतात आणि जिथे रुग्ण सगळ्यात नाजूक, तिथे हात कमी धुतले जात होते. अज्ञान कारण असतं, तर चित्र उलटं दिसलं असतं.

का? हिशेब करा. बेसिनपर्यंत जायचं, साबण लावायचा, धुवायचं, पुसायचं, परत यायचं. १९९७ मध्ये व्होस आणि विडमर या दोन संशोधकांनी हा हिशेब कागदावर मांडला. बारा जणांचं पथक, आणि प्रत्येक जण प्रत्येक वेळी नियमाप्रमाणे साबण-पाण्याने हात धुतो असं धरलं, तर एका पाळीत सगळ्यांचे मिळून सोळा तास फक्त हात धुण्यात जातील. दोन माणसं पूर्णवेळ हातच धुताहेत म्हणा ना! खाटेजवळ अल्कोहोलचं द्रावण ठेवलं, तर तेच काम तीन तासांत.

माझ्या एकेचाळीस पावलांचं उत्तर मला इथे मिळालं. ती सिस्टर आळशी नव्हती. तिच्याकडून जे मागितलं जात होतं, ते घड्याळात बसत नव्हतं.

जिनिव्हात मग त्यांनी उपदेश वाढवला नाही, बाटली जवळ आणली. अल्कोहोलचं द्रावण प्रत्येक खाटेशी, खिशात मावणाऱ्या बाटल्या, वॉर्डातल्या लोकांनीच सुचवलेली भित्तिचित्रं, नियमित मोजणी आणि तिचा निकाल सगळ्यांसमोर. १९९७ पर्यंत प्रमाण ४८ वरून ६६ टक्क्यांवर आलं. रुग्णालयात लागणाऱ्या संसर्गाचं प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर. आणि गंमत बघा, सुधारणा झाली ती मुख्यतः परिचारिका आणि त्यांच्या मदतनिसांमध्ये. डॉक्टर बरेचसे होते तिथेच राहिले. व्हिएन्नाची आठवण झाली की नाही?

याच कामातून पुढे जागतिक आरोग्य संघटनेची २००५ ची मोहीम आणि २००९ ची मार्गदर्शक तत्त्वं आली. तुम्हाला पाठ असलेले पाच क्षण तिथलेच. रुग्णाला हात लावण्यापूर्वी, निर्जंतुक कामापूर्वी, शरीरातल्या द्रवाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. संघटनेने द्रावणाची कृतीही खुली करून दिली. ८० टक्के इथेनॉल, कातडी फुटू नये म्हणून थोडं ग्लिसरीन, बाटलीतले बीजाणू मरावेत म्हणून किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड. कोणत्याही रुग्णालयाच्या औषधनिर्मात्याला करता येईल असं. २०२० च्या साथीत आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरींनी सॅनिटायझर बनवलं ते आठवत असेल. उसाच्या मळीतून येणारं अल्कोहोल शेवटी सिस्टरांच्या तळहातावर आलं.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या घरातला आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक भेद दाखवला. हात चिकट झाले, घाण लागली, किळस वाटली, की माणूस आपोआप हात धुतो. ती लहानपणची सवय. पण नाडी बघितली, रुग्णाला उशी दिली, चादर नीट केली, तर हात ‘घाण’ वाटतच नाहीत. तिथे धुणं राहून जातं. म्हणूनच जगभर रुग्णाला हात लावून झाल्यावर धुण्याचं प्रमाण जास्त दिसतं, लावण्यापूर्वी कमी.

आपल्याकडे याला एक ओळखीचं नाव आहे, सोवळं. सोवळ्यात माणूस कोणाला जपतो? स्वतःला. दुसऱ्याचा विटाळ मला होऊ नये, हा त्यातला भाव. त्या भावाने माणसांवर काय अन्याय केला, ते वेगळं सांगायला नको. रुग्णालयातलं हात धुणं याच्या बरोबर उलट आहे. तिथे मी स्वीकारते, की धोका माझ्या हातात आहे आणि जपायचं आहे ते समोरच्याला. दिवसभर एकच हातमोजे घालून दहा रुग्णांना हाताळणं हे सोवळं झालं. घालणाऱ्याची कातडी वाचली, बाकीच्यांची नाही. ‘आधी’ धुतलेला हात ही खरी शुश्रूषा.

म्हणून पुढच्या वेळी कोणी म्हणालं, की ‘नर्सेसना हाताच्या स्वच्छतेचं प्रशिक्षण द्यायला हवं’, तर जरूर द्या म्हणा. पण सोबत एक प्रश्नही विचारा. या वॉर्डात नळ किती पावलांवर आहे? आणि एका सिस्टरमागे खाटा किती?



श्रोत्यांचे प्रश्न

एक विद्यार्थिनी : मॅडम, सॅनिटायझर जवळ असलं तर मग साबणाची गरजच नाही का?

आहे, नक्की आहे. हात दिसायला मळलेले असतील, रक्त किंवा इतर काही लागलं असेल, तर साबण-पाणीच. काही जुलाबांच्या आजारात, म्हणजे क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारख्या, जंतूंचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, तिथेही पाण्याने धुवायलाच हवेत. म्हणून ‘बाटली आली, आता नळ दुरुस्त करायला नको’ असं कोणी म्हणालं, तर मान्य करू नका. दोन्ही हवं. साबणाला चाळीस ते साठ सेकंद, द्रावणाला वीस ते तीस. आणि द्रावण हातावर पूर्ण वाळू द्यायचं, पदराला पुसायचं नाही.

दुसरी विद्यार्थिनी : राउंडला मोठे डॉक्टर येतात आणि हात न धुता एका पेशंटवरून दुसऱ्याकडे जातात. आम्ही कसं सांगणार?

तू विचारलंस तो प्रश्न दीडशे वर्षं जुना आहे. व्हिएन्नात सुईणकाम शिकणाऱ्या मुलींच्या विभागात बायका जगत होत्या, पण ‘तुमच्या विभागात का मरतात?’ असं वरच्यांना विचारायचा अधिकार त्या मुलींना कोणी दिला नव्हता. तू एकटीने, नोकरीच्या पहिल्या वर्षी, सगळ्यांसमोर टोकावंस असं मी सांगणार नाही, ते सोपं नाही. पण एक करता येईल. राउंड निघाली, की ट्रॉलीवर बाटली सगळ्यात पुढे ठेव आणि प्रत्येक खाटेशी न बोलता समोर धर. काही जण घेतील. जे घेणार नाहीत, त्यांचं तुझ्या मेट्रनने आणि संसर्ग नियंत्रण समितीने मोजायला हवं आणि तो आकडा वॉर्डात लावायला हवा, नावं नकोत, नुसता आकडा. मागच्या रांगेतल्या शिक्षिकांना माझी विनंती आहे, की या मुली बोलल्या तर त्यांच्या पाठीशी उभ्या राहा. हात धुण्याची पद्धत शिकवायला तास पुरतो. बोलायची हिंमत मात्र कोणीतरी पाठीशी असल्याशिवाय येत नाही.